कलाशाळेतले कुंभार

या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले तेव्हा त्यांची अपेक्षा उघड होती. कामगार संघटनेत पंचवीस-तीस वर्षे घालवलेला माणूस बोलणार म्हणजे संप, मोर्चे, किमान वेतन यांचा इतिहास सांगणार. आम्ही उभे राहिलो आणि कुंभारांवर बोललो. सभा संपल्यावर एका वकीलमित्रांनी बाहेर चहाच्या टपरीवर विचारलेच, "काय हो, मोर्चा सोडून मडक्यांवर कसे आलात?" त्या वेळी उभ्याउभ्या दिलेले उत्तर त्यांना पटले नाही, आणि खरे सांगायचे तर आम्हांलाही पुरते वाटले नाही. ते येथे नीट लिहून काढीत आहोत. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे नगर वाचनालयाने, रेल्वेच्या प्रवासाने आणि भोवतालच्या माणसांनी केले. पंडिती लेखाची शिस्त यात सापडणार नाही, एवढे वाचकांनी सांभाळून घ्यावे.

प्रारंभ घराजवळून करू. शेजारच्या संग्रामपूर तालुक्यात भोण नावाचे गाव आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तेथे उत्खनन केले. विटांचा बौद्ध स्तूप निघाला आणि त्याबरोबर मातीच्या कड्यांच्या विहिरी निघाल्या. भाजलेल्या मातीची रुंद कडी एकावर एक उतरवून बांधलेली विहीर. वय दोन हजार वर्षांहून अधिक. आमच्या तालुक्यातील जिगावच्या धरणामुळे भोणचे नाव मध्यंतरी वर्तमानपत्रांत येऊ लागले, कारण ते स्थळ बुडीत क्षेत्रात येते. पण आमचे लक्ष वेधले ते त्या कड्यांनी. एवढ्या घेराचे कडे न तडकता वाळवणे आणि भाजणे हे पोरखेळाचे काम नव्हे. पूर्णाकाठची काळी माती वाळताना कशी फाटते हे ज्याने उन्हाळ्यात शेत पाहिले आहे त्याला सांगायला नको. त्या मातीत किती वाळू, किती राख मिसळावी हे ज्याला कळत होते तो आमच्या मुलखातला इंजिनियरच म्हटला पाहिजे.

त्याचा वारसदार कुंभार गावगाड्यात बारा बलुत्यांपैकी एक होऊन बसला. संक्रांतीची सुगडे, आखाजीची घागर, पोळ्याचे मातीचे बैल, नवरात्रातला घट, लग्नातली मडकी आणि शेवटी खांद्यावरून नेऊन फोडायचे तेही मडके. माणसाच्या जन्मापासून मरणापर्यंत कुंभाराला सुट्टी नाही. त्याची हत्यारे म्हणाल तर एक जड चाक, फिरवायला काठी, बाहेरून ठोकायला लाकडी थापटणे आणि आतून धरायला गोटा. मातीत राख आणि लीद घालायची, ती त्याने तुडवायची, त्याच्या बायकोने मळायची. चाकावर निघते ते अर्धेमुर्धे भांडे; थापटून थापटून त्याचे पोट वाढवावे लागते. मग आवा लावायचा. जमिनीवर भांडी रचून, गोवऱ्या-काटक्या घालून, वरून राखेने झाकलेल्या या आव्याची उष्णता सातशे-आठशे अंशांच्या पुढे सहसा जात नाही. म्हणून आमचे मडके सच्छिद्र राहते, पाझरते, आणि पाझरते म्हणून पाणी गार करते. काचेसारखी झिलई त्यावर चढत नाही, आणि कोणी चढवून मागितलीही नाही. उष्ट्या मातीच्या भांड्याला विटाळ मानणाऱ्या समाजाला टिकाऊ, धुऊन पुन्हा वापरायचे मातीचे भांडे हवे होते कुठे? मडके फुटावे आणि नवे यावे, अशीच सारी व्यवस्था.

आता मुंबईकडे वळू. काही वर्षांपूर्वी परळला संघटनेची बैठक होती. ती दुपारीच आटोपली आणि रात्रीच्या गाडीला अवकाश होता, म्हणून भायखळ्याला जिजामाता उद्यानातले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय पाहायला गेलो. हे संग्रहालय लोकांसाठी उघडले १८७२ साली. तेव्हा त्याला राणीचे आणि तिच्या नवऱ्याचे नाव होते, भाऊ दाजींचे नाव त्याला मिळाले १९७५ साली. तेथे मुंबईच्या कलाशाळेत घडलेली मातीची भांडी आहेत. गर्द निळ्या-हिरव्या झिलईचे सुरईच्या घाटाचे चंबू, मोठाल्या थाळ्या, बरण्या. त्यांतल्या काहींवर वेलबुट्टी आहे, ती सिंधी. काहींवर मात्र ज्या आकृती आहेत त्या पाहून आम्ही थबकलो. त्या अजिंठ्याच्या होत्या.

बुलढाणा शहर ज्या डोंगररांगेवर बसले आहे त्याच रांगेच्या पश्चिमेकडच्या घळीत अजिंठ्याची लेणी आहेत. तिथली कमळे, तिथले हंस, तिथल्या मुद्रा मुंबईच्या भट्टीत भाजून निघालेल्या पाहणे हा आम्हां नांदुऱ्याच्या माणसाला धक्काच होता. हे घडले कसे, याचा शोध घेण्यात पुढची दोन-तीन वर्षे गेली. जे सापडले ते असे.

सर जमशेटजी जीजीभाई यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून मुंबईची कलाशाळा १८५७ साली सुरू झाली. साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. हेतू मोठे चित्रकार निर्माण करण्याचा नव्हता. देशी कारागिरांच्या हातांना नवे वळण द्यावे, त्यांच्या मालाला बाजार मिळावा, असा होता. १८६५ साली विलायतेहून शिकवायला जी माणसे आली त्यांत दोन नावे आपल्या कामाची आहेत. एक जॉन लॉकवुड किपलिंग. रुडयार्ड किपलिंगचा बाप म्हणून जग त्याला ओळखते, पण त्याची उमेदवारी झाली होती स्टॅफर्डशायरमधील बर्स्लेम या कुंभारांच्या गावी, भांड्यांच्या कारखान्यात. दुसरा जॉन ग्रिफिथ्स, चित्रकार. आणि तिसरा माणूस शाळेच्या आरंभीच्या काळापासून तेथे होता, जॉर्ज विल्किन्स टेरी. आपल्या गोष्टीचा नायक म्हणायचे तर हाच.

टेरी ड्रॉइंग शिकवणारा मास्तर. त्याला नव्या हस्तकलांचा भारी सोस. १८७० च्या दशकात त्याने शाळेत मातीकामाला हात घातला. बर्स्लेमची पद्धत उचलून मुंबईत आणण्याचा सोपा मार्ग त्याला मोकळा होता. किपलिंगसारखा जाणकार माणूस १८७५ साली लाहोरला जाईपर्यंत शेजारीच होता. टेरीने तसे केले नाही. त्याने झिलई जाणणारे कुंभार याच देशात शोधले आणि ते त्याला सिंधमध्ये मिळाले. सिंध त्या वेळी मुंबई इलाख्यातच होता. हाला आणि आसपासच्या गावांतले कुंभार पिढ्यानपिढ्या दर्ग्यांच्या, मशिदींच्या भिंतींसाठी झिलईच्या फरश्या करीत. त्यांची रीत अशी: लाल मातीच्या भांड्यावर पांढऱ्या मातीचा पातळ लेप द्यायचा, त्यावर कुंचल्याने नक्षी काढायची, मग सज्जीखार आणि वाळू यांच्या भुकटीचे पाणी चढवून भट्टीत घालायचे. तांब्याच्या गंजातून फिरोजी रंग उतरतो, कोबाल्टातून गडद निळा, मँगेनीजमधून जांभळट काळा. हे सर्व मापाने नव्हे, नजरेने. भट्टीच्या भोकातून आत डोकावून ज्वाळेचा रंग पाहायचा आणि जळण वाढवायचे की थांबवायचे ते ठरवायचे. एक चूक झाली की महिन्याचे काम गेले.

असे कुंभार टेरीने मुंबईला आणले. मास्तर झाला विद्यार्थी आणि ज्यांना अक्षरओळख नव्हती ते झाले मास्तर. आमच्या मते या साऱ्या प्रकरणातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच. राणीच्या राज्यात, शाळेच्या आवारात, एक गोरा माणूस आपल्या पगाराच्या खुर्चीवरून उठून चाकापाशी बसतो आणि सिंधी कुंभाराला विचारतो की बाबा, हे कसे करतोस? त्याचे श्रेय टेरीला दिलेच पाहिजे.

त्याच सुमारास दुसरीकडे ग्रिफिथ्स शाळेतल्या विद्यार्थ्यांची तुकडी घेऊन अजिंठ्याला जाऊ लागला. १८७२ पासून १८८५ पर्यंत, मधले खंड सोडता, लेण्यांतील भित्तिचित्रांच्या रंगीत प्रती करण्याचे काम चालले. पेस्तनजी बोमनजी हा त्यांतला नावाजलेला विद्यार्थी. मुंबईहून खानदेशापर्यंत रेल्वे आणि पुढे बैलगाडी. ही रेल्वे म्हणजे आपलीच, जी १८६७ साली नागपूरला पोचली आणि जिच्यावर नांदुऱ्याचे स्टेशन आहे. तिने या भागाचे काय केले हे आजोबांच्या तोंडून अनेकांनी ऐकले असेल. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आला आणि जलंब ते खामगाव हा फाटा त्याने सुरू करून दिला, तो कशासाठी? खामगावचा कापूस मँचेस्टरला लवकर पोचावा म्हणून. त्याच रुळांवरून कलाशाळेच्या पोरांच्या कॅनव्हासच्या गुंडाळ्या अजिंठ्याहून मुंबईला परत जात होत्या. वऱ्हाडातून कापूस गेला, अजिंठ्यातून नक्षी गेली. एकाच मार्गाने गेल्या म्हणून दोन्ही गोष्टी सारख्या होत नाहीत, हे आम्हांला कळते. पण योगायोग नोंदवल्यावाचून राहवत नाही.

ग्रिफिथ्सच्या आधी हेच काम मेजर रॉबर्ट गिल याने १८४४ पासून एकट्याने केले होते. त्याच्या प्रती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या होत्या. १८६६ च्या आगीत बहुतेक सर्व जळाल्या. गिल १८७९ साली वारला. त्याची कबर भुसावळला आहे, आमच्यापैकी शेकडो लोक रोज गाडी बदलतात त्याच भुसावळला. ग्रिफिथ्सच्या प्रतींचे नशीबही फारसे निराळे निघाले नाही. साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात १८८५ साली आग लागली आणि त्यांतल्या पुष्कळ गेल्या. उरलेल्यांच्या आधारे त्याने १८९६-९७ साली दोन मोठे खंड छापले म्हणून नाव राहिले. कॅनव्हास जळाला. मातीवर उतरलेला अजिंठा मात्र आगीतूनच जन्मलेला होता, त्याला आगीचे भय नव्हते. भायखळ्याच्या कपाटात तो शाबूत आहे, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातही आहे.

तर असे हे मुंबईचे मातीकाम. घाट आणि झिलई सिंधची, आकृती अजिंठ्याच्या, कल्पना एका इंग्रज मास्तराची, जागा मुंबईची. पुढे टेरीने त्याचा स्वतंत्र कारखाना काढला, 'वंडरलँड आर्ट पॉटरी' या नावाने. विलायतेतल्या आणि इतरत्रच्या प्रदर्शनांत हा माल गेला, वाखाणला गेला. सर जॉर्ज बर्डवुड याने १८८० साली भारतातील कलाकुसरीवर जो ग्रंथ लिहिला त्यात त्याने या मातीकामाची तारीफ केली आहे, आणि एक जात अजिंठ्याच्या नमुन्यांची व दुसरी सिंधच्या नमुन्यांची, असे तिचे दोन भागही करून दाखवले आहेत.

या बर्डवुडसाहेबाबद्दल थोडे विषयांतर करतो. तो जन्माने बेळगावचा. भायखळ्याच्या संग्रहालयाच्या उभारणीत त्याचा मोठा वाटा. आपल्या ग्रंथात त्याने गावच्या कारागिराचे चित्र फार गोड रंगवले आहे: वेशीशी बसलेला कुंभार, त्याचे फिरते चाक, बलुत्यावर चाललेला सुखाचा संसार, आणि मुंबईच्या गिरण्या या संसाराचा कसा घात करीत आहेत याची हळहळ. गिरण्यांबद्दल तो बोलला ते खोटे नव्हते. पण बलुत्याच्या सुखाबद्दल? सुगीत खळ्यावर पदर किंवा धोतराचा सोगा पसरून सकाळपासून उभे राहणे आणि पाटलाच्या मर्जीनुसार पायली-दोन पायली ज्वारी पदरात पडणे, यात सुख किती हे साहेबाने त्या पसरलेल्या पदराला विचारायला हवे होते. वऱ्हाडातले कुंभार, सुतार, चांभार जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांकडे धावले ते उगीच नव्हे. तेथे मजुरी कमी का असेना, ती ठरलेली होती. हेच बर्डवुडसाहेब १९१० साली लंडनच्या एका सभेत बुद्धमूर्तीला चरबीच्या उकडलेल्या पुडिंगची उपमा देऊन बसले आणि त्यावरून मोठे वादळ उठले. कारागिराचे चाक सुंदर, पण त्याने मूर्ती घडवली की ती पुडिंग! हाताचे कौतुक करावे आणि त्या हातामागे डोके आहे हे मानू नये, अशी ही वृत्ती.

आणि येथे आमच्या मूळ मुद्द्याला सुरुवात होते. या मातीकामाला जगात दोन नावे मिळाली, शाळेचे आणि टेरीचे. भांडी 'मुंबई कलाशाळा' म्हणून गेली, पुस्तकांत 'टेरीचे मातीकाम' म्हणून नोंदली गेली. ज्यांनी सज्जीखार कालवला, ज्वाळेचा रंग पाहिला, ते इतिहासात 'सिंधी कुंभार' एवढ्या एका शब्दात मावले.

कोणी म्हणेल, यात एवढे मनाला लावून घेण्यासारखे काय आहे? मनाला लागण्याचे कारण आमच्या धंद्यातले आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी ज्ञानगंगेच्या काठाने आम्ही वीटभट्टी मजुरांची नोंदणी करीत हिंडत होतो. एका भट्टीवर मजुरांची तक्रार होती की हंगाम संपूनही हिशेब होत नाही. मालकाकडे हजेरीपट मागितला. बऱ्याच घासाघिशीनंतर एक लांबट वही समोर आली. तीत मुकादमाचे नाव होते, गाडीवानाचे नाव होते, कोळसा पुरवणाऱ्याचे होते. विटा पाडणाऱ्यांच्या रकान्यात प्रत्येक दिवशी एवढेच लिहिलेले: 'कुंभार ४', 'कुंभार ६', 'कुंभार ५'. ही माणसे खरोखरच कुंभार होती. प्लास्टिकच्या आणि स्टीलच्या भांड्यांनी चाक बंद पाडले तेव्हा ज्या मातीने पोट भरले त्याच मातीच्या विटा पाडायला ती आली होती. कामगार अधिकाऱ्यांसमोर प्रकरण गेले तेव्हा मालकाच्या वकिलाने शांतपणे विचारले, यातला 'कुंभार' म्हणजे हाच अर्जदार कशावरून? आम्ही हरलो. चार कुटुंबांची तीन महिन्यांची मजुरी बुडाली, आणि ती मारपिटीने नव्हे, फसव्या अंगठ्यानेही नव्हे, केवळ नाव न लिहिल्याने बुडाली. भायखळ्याच्या कपाटासमोर उभे असता आम्हांला ती लांबट वही आठवली. वकीलमित्रांना द्यायचे उत्तर हे होते.

आता याच काळातली दुसरी एक घटना पाहा. टेरीचे मातीकाम प्रदर्शनांतून गाजत होते त्याच मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे 'दीनबंधु' चालवीत होते. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि कामगारांच्या मागण्यांचा अर्ज सरकारच्या आयोगाकडे धाडला. आठवड्याची एक सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, महिन्याचा पगार वेळेवर. त्या अर्जाखाली साडेपाच हजार सह्या होत्या. साडेपाच हजार! त्यांतले बहुसंख्य निरक्षर. ज्यांच्यासाठी गिरणीत फक्त रकाने होते त्यांनी पहिल्यांदा कागदावर आपले नाव उमटवले. रविवारची सुट्टी मिळायला पुढे १८९० साल उजाडावे लागले, पण सुट्टी मागणारा कोण हे त्या दिवशी ठरले. लोखंड्यांच्या सभांची जागा आणि कलाशाळेचे आवार यांत अंतर काही मैलांचे; पण त्या कुंभारांपर्यंत तो अर्ज पोचायला वाट नव्हती. ते गिरणीत नव्हते, ते 'कले'त होते. कलेत काम करणाऱ्याला मजूर म्हणायचे की नाही, हा घोळ तेव्हापासून चालू आहे. पुण्यात रानड्यांची वसंत व्याख्यानमाला १८७५ साली सुरू झाली ती याच दशकात, हेही जाता जाता सांगावेसे वाटते. आज आपण ज्या परंपरेत बसलो आहोत ती त्या भांड्यांच्या वयाची आहे.

पुढचा इतिहास थोडक्यात उरकतो. कलाशाळेत १८९० च्या सुमारास लॉर्ड रे यांच्या नावाने कारागिरीच्या कार्यशाळा निघाल्या. सेसिल बर्न्स मुख्याध्यापक असताना मातीकामाला पुन्हा ऊर्जितावस्था आली; भायखळ्याच्या संग्रहालयाची देखरेखही त्याच्याकडेच होती. गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या नावाची प्रयोगशाळा १९१० च्या सुमारास निघाली आणि देशी मातीची, झिलईची शास्त्रीय तपासणी सुरू झाली. आता भट्टीची उष्णता नजरेने नव्हे, उपकरणाने मोजली जाऊ लागली. ही प्रगतीच होती. मात्र उपकरण आले की नजरवाला बाहेर जातो, हे आम्ही जिनिंग कारखान्यापासून रेल्वेच्या वर्कशॉपपर्यंत सगळीकडे पाहिले आहे.

परंतु कलावंताने कारागिराकडे शिकायला जावे आणि तरी कारागिराचे नाव राहावे, असे कधी घडलेच नाही असे नाही. सरदार गुरुचरण सिंग यांची हकीकत पाहा. १९१९ साली हा तरुण मातीकाम शिकायला जपानला गेला. तेथे त्याची गाठ बर्नार्ड लीच, शोजी हमादा, सोएत्सु यानागी अशा माणसांशी पडली, ज्यांनी पुढे साऱ्या जगाच्या मातीकामाचे वळण बदलले. पण सरदारजी दिल्लीत कोणापाशी बसले? अब्दुल्ला नावाच्या पठाण कुंभारापाशी, ज्याच्या घराण्यात निळ्या झिलईचे ज्ञान होते. पुढे १९५२ साली त्यांनी 'दिल्ली ब्ल्यू' या नावाने आपला कारखाना काढला, १९९१ साली त्यांना पद्मश्री मिळाली, पण निळा रंग आपल्याला कोणी दिला हे ते सांगत राहिले. म्हणून अब्दुल्लाचे नाव आज नांदुऱ्यात बसून आम्ही लिहू शकतो. टेरीने केले त्याहून अब्दुल्लाच्या शिष्याने निराळे काय केले? एक नाव उच्चारले, बस्स.

याच जपानी मंडळींपैकी यानागींचे एक मत आहे आणि त्यावर आमचा आक्षेप आहे. त्यांनी १९३६ साली टोकियोत लोककलांचे संग्रहालय उभे केले. गरिबाच्या घरातली रोजची वाटी राजाच्या चहाच्या कपाइतकी सुंदर असते हे जगाला त्यांनी दाखवले. हे त्यांचे उपकार. पण त्या वाटीचे सौंदर्य करणारा अनामिक असण्यात आहे, 'मी'पणा नसण्यात आहे, असेही त्यांनी प्रतिपादन केले. ऐकायला हे आपल्या संतांच्या वाणीसारखे वाटते. आम्हीही काही काळ भारावलो. मग ध्यानात आले की संतांनी आपला अहंकार आपण सोडला. दुसऱ्याचे नाव पुसून त्याला निरहंकारी ठरवले नाही. हमादा आपल्या भांड्यांवर सही करीत नसे, हे त्याच्या थोरवीचे लक्षण म्हणून सांगतात. सांगोत बापडे. भांडे ज्या लाकडी पेटीत जायचे त्या पेटीवर त्याची सही असे, आणि किंमत त्या सहीची यायची. नाव नाकारण्याची चैन ज्याला नाव आहे त्याला परवडते.

आमच्याच विदर्भात पाहायचे तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीला जावे. कृष्णमूर्ती मिरमिरा या गांधीवाद्याने १९५५ साली तेथे ग्रामोदय संघ काढला. खेड्यातल्या कुंभाराच्या मातीला आणि भट्टीला शास्त्राची जोड द्यायची, हा त्यांचा ध्यास. मजेची गोष्ट अशी की ज्या जागी कुंभाराला शहरातले ज्ञान द्यायचे ठरले, तेथेच पुढे शहरांतले कलावंत राहायला आणि काम करायला येऊ लागले. मोठमोठी शिल्पे करायची तर तेवढी माती, तेवढी जागा, तेवढे जाणते हात मुंबईच्या खोलीत कोठून मिळणार? आणि मुंबईजवळ भाईंदरला ब्रह्मदेव राम पंडित आहेत, बिहारच्या कुंभार घराण्यातले. चाक वंशपरंपरेचे, भट्टी नव्या पद्धतीची, झिलई स्वतः शोधलेली. त्यांना २०१३ साली पद्मश्री मिळाली. तेथे मास्तर आणि कुंभार अशी दोन माणसे नाहीत, एकच आहे. टेरीच्या काळापासून एवढे अंतर तोडायला सुमारे एकशेचाळीस वर्षे लागली.

नांदुऱ्यात आमच्या ओळखीचे एक वृद्ध कुंभार आहेत. संक्रांतीला सुगडे, आखाजीला घागरी, पोळ्याला बैल, गणपतीला मूर्ती; एरवी चाक भिंतीला टेकवलेले. आमच्या गावी १०५ फूट उंच हनुमंताची मूर्ती आहे, १९९९ साली उभी राहिली. हमरस्त्याने जाणारा प्रत्येक जण गाडी थांबवतो आणि उंची विचारतो. गवंडी कोण होते हे कोणी विचारीत नाही. हे आम्ही त्या बाबांना एकदा बोलून दाखवले. जिल्ह्याच्या ठिकाणच्या कलामहाविद्यालयातली दोन मुले नुकतीच त्यांच्याकडे येऊन थापटणे कसे धरायचे ते शिकून गेली होती. त्यांनी तीन-चार दिवस मुक्काम केला, छायाचित्रे काढली, चहा घेतला, पाया पडली. पोरे गुणी होती, बाबांना आवडली. आम्ही विचारले, त्यांनी तुमचे नाव लिहून घेतले का? "घेतलं नं," बाबा म्हणाले, "वहीत लिहून घेतलं, गावाचं बी लिहिलं." आम्हांला समाधान वाटले. मग सहज विचारले की चार दिवस शिकवल्याचे काही दिले का?

बाबा हसले. "आता शिकवायचे काय पैसे घ्यावं भाऊ? पण माती आणाले टॅक्टरवाला पंधराशे मांगते, ते मात्र कोणी इचारत नाही."

यंदाच्या आखाजीच्या आधी आम्ही त्यांच्याकडे गेलो तेव्हा ओसरीत ऐंशी-नव्वद घागरी वाळत होत्या. तळाशी नखाने आपले नाव कोरा, असा हट्ट आम्ही धरला. बाबांना लिहिता येते ते सहीपुरतेच. त्यांनी एक घागर पालथी केली, बोटाने पाणी लावले आणि बराच वेळ विचार करून पहिले अक्षर काढले. मग म्हणाले की बाकीच्या नातीकडून करून घेतो, तिचे अक्षर चांगले आहे, सातवीत आहे. ती आतून आली, घागर मांडीवर घेतली आणि विचारू लागली की नाव आजोबांचे लिहायचे की आजीचे, कारण माती तर आजीनेच मळली आहे.